डीबी किलरला उदबत्ती

साखरखेर्ड्यात मुलगी बघायला जाताना पोरासोबत एक मामा आणि एक मध्यस्थ असला तरी भागतं. बुलेटचा सायलेन्सर बघायला मात्र सहा जण जातात. त्यातला एक जाणकार असतो. जाणकार म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची बुलेट नाही असा. ही मंडळी चिखलीला जातात, तिथं मन भरलं नाही तर जालना गाठतात. दुकानदार भिंतीवर टांगलेले एकेक नमुने दाखवतो. पंजाब, इंदोरी, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, डॉल्फिन. गंजेल का, ॲव्हरेज पडेल का, असलं कोणी विचारत नाही. "भाऊ, फटाके फुटतात ना?" एवढीच चौकशी. दुकानदार "हाव" म्हणतो आणि बोलणी पक्की होतात.

कंपनीचा सायलेन्सर पोत्यात गुंडाळून माळ्यावर जातो. 175 सीसीच्या वरच्या गाडीचा आवाज कारखान्यातून निघताना 80 डेसिबलच्या आत ठेवा, असा नियम होता, म्हणून कुण्या इंजिनिअरनं त्यात जाळ्या आणि पडदे बसवले होते. आता ते पडदे तुरीच्या पोत्यामागं उंदरांच्या सेवेला.

नव्या सायलेन्सरसोबत एक वस्तू फुकट मिळते. आजचा सगळा प्रपंच तिच्यासाठी आहे. तिचं नाव डीबी किलर. भोकं पाडलेली छोटीशी लोखंडी नळी. सायलेन्सरच्या तोंडात घालायची, एका स्क्रूनं आवळायची, की आवाज बराचसा माणसात येतो. दुकानदार ती दाखवतो, बसवून दाखवतो आणि लगेच काढूनही दाखवतो. "पोलिस दिसले की बसवून घ्यायची." म्हणजे भरधाव बुलेटवाल्यानं नाकाबंदी दिसताच गाडी बाजूला घ्यायची, खिशातून पाना काढायचा, तापून लाल झालेल्या नळकांड्यात हात घालायचा, स्क्रू आवळायचा आणि मग शहाण्यासारखं पुढं जायचं. तोवर पोलिसदादा चहा घेत थांबतील, असा या योजनेचा आधार आहे.

आमच्या गावात डीबी किलर सायलेन्सरमध्ये बसलेला कोणी पाहिलेला नाही. बाकी सगळीकडं तो सापडतो. कुणाच्या पँटच्या खिशात, कुणाच्या फवारणीच्या पंपाशेजारी. आमच्या शेजारच्या काकूंनी तर तो सरळ देव्हाऱ्यात नेला. त्याची भोकं उदबत्तीच्या काडीला अगदी मापात बसतात. चहूबाजूंनी पाच-सहा उदबत्त्या खोचल्या की नळी उभी शोभते, राखही फार सांडत नाही. काकूंना वाटतं पोरानं कुठल्या तरी देवस्थानाहून आणली. रोज सकाळी डीबी किलरला उदबत्ती लागते, आणि त्याच वेळी दारात पोरगं बुलेटला किक मारतं. घंटी ऐकू येत नाही, पण देवाला सवय झाली असावी. परवा काकू म्हणाल्या, अशी अजून एक मिळाली तर तुळशीपाशी ठेवीन. पोरगं म्हणालं, मित्राला सांगतो. मित्राकडं तीन पडून आहेत. मला वाटतं, या जिनसेचा खरा बाजार उदबत्तीवाल्यांनी अजून ओळखलेलाच नाही.

खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, फक्त रेसिंग ट्रॅकवर वापरासाठी. छापणाऱ्याचं काम संपलं, विकणाऱ्याचं संपलं. आता गाड्यांच्या शर्यतीचे ट्रॅक चेन्नईला, कोइमतूरला, फार तर नोएडाकडं. आमच्याकडं रेसिंग म्हणजे शंकरपट, आणि त्यातल्या बैलांना पाठीमागं काही बसवावं लागत नाही.

फटाक्याचं शास्त्रही ऐकून ठेवा. चालत्या गाडीचा किल स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापल्या नळीत जातं आणि तिथं पेटतं. फाट्! शंभराच्या वर लिटरचं पेट्रोल, गाडी त्यावर इंचभर पुढं जात नाही. सोयाबीन हमीभावाच्या खाली घालून बापानं आणलेले पैसे आठवडी बाजारात असे फुटतात. वर जाणकार समजावतो, "कंपनीचा ऐंशी, हा शंभर. वीसचाच फरक हाय काका." अरे, डेसिबल दहानं वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. वीस वाढला तर शंभरपट! हे काय भाजीच्या दरातले वीस रुपये आहेत?

आवाजाचंच म्हणाल तर 1724 साली साखरखेर्ड्याच्या याच शिवारात मोठी लढाई झाली, हैदराबादच्या राज्याचा पाया तिच्यात घातला गेला. हत्ती होते, तोफा होत्या. पण ती एका दिवसात आटोपली, ही फटाफट रोजची आहे.

आता मात्र माझं डोकं सरकतं. शेतीला लाइन रात्रीची. माणूस थंडीत हरभऱ्याला पाणी देतो, पहाटे चारला पाय धुऊन आडवा होतो. पाचला त्याच्या उशाशी फाट्! कोण आहे? पोलिस भरतीचं पोरगं, मैदानावर धावायला निघालंय. घरापासून मैदान हाकेच्या अंतरावर. धावायला जायला बुलेट, आणि बुलेटला कायद्यात न बसणारं नळकांडं, आणि पोटात इच्छा कायदा राखायची! मोटार वाहन कायद्याचं कलम 190 याच्यासाठीच आहे, दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद. पोराला ते तोंडपाठ आहे, परीक्षेत येतं म्हणून.

कारवाई होत नाही असं नाही. शहरात जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडतात, फोटोवाले येतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. रोडरोलर! आमच्या आळीच्या रस्त्याला ज्याचं दर्शन कित्येक पावसाळे झालं नाही, तो गुळगुळीत डांबरावर नळकांडी चेपत बसलाय. गावात विचारलं की रोलर नादुरुस्त, ड्रायव्हर रजेवर, डिझेलचं बिल अडकलंय. तिकडं फोटोला बरा चालू होतो! माझा साधा अर्ज आहे. पुढच्या वेळी ती जप्ती इकडं घेऊन या. आमच्या खड्ड्यात पसरा, पंजाब खाली, इंदोरी वर, फटींत शॉर्ट बॉटल. मग खुशाल रोलर फिरवा. फोटोला गर्दी मी जमवतो, नारळ माझ्याकडून, आणि उदबत्त्या लावायची सोय काकूंच्या देव्हाऱ्यातून मागून आणतो.