कुंपणावरची लिंबं आणि पाच मतं

अहो वहिनी, जरा इकडे या ना कुंपणापाशी. लिंबं काढलीत, पिशवीभर. घ्या, झाडाखाली सडतायत नुसती. आणि हळू बोला, आमचे हे आत झूम कॉलवर आहेत, पण कान बाहेर असतात त्यांचे.

ऐकलंत का, काँग्रेसच्या आपल्या जागेवर लिकार्डोच आले शेवटी. हो हो, सुमारे अठ्ठावन्न टक्के. एवढा रगाडा झाला, आणि निकाल काय, तर मार्चमध्ये जो पहिला होता तोच नोव्हेंबरात पहिला. मग मधलं सगळं कशासाठी, असं आमच्या सनीवेलच्या मैत्रिणीने विचारलं. तिला काय कळणार! तिच्याकडे आपले रो खन्ना, दर वेळी निवांत. आपल्या माउंटन व्ह्यूचा १६ नंबरचा मतदारसंघ वेगळा. ॲना एशू १९९३ पासून बसलेल्या, त्या उठल्या म्हटल्यावर अकरा जण धावले खुर्चीकडे. संगीतखुर्चीच की हो ती!

तर काय सांगत होते… हां, मार्चची प्रायमरी. तुम्ही तेव्हा पुण्याला होतात, भाच्याच्या मुंजीला, म्हणून तुम्हाला त्यातली गंमत नाही कळायची. मतं मोजून संपेचनात. टपालाने येणारी मतं, शिक्का निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा असला की नंतर आठवडाभर पोचली तरी चालतात ना, मग काय. रोज संध्याकाळी आकडे यायचे. लिकार्डो आपले वर निवांत, आणि खाली दुसऱ्या नंबरासाठी हे दोघं, जो सिमिटियन आणि इव्हन लो. आज हे पुढे, उद्या ते पुढे, आणि फरक किती, तर बोटांवर मोजावा एवढा. आमचे हे चहाचा कप हातात धरून लॅपटॉपसमोर, वर्ल्ड कपची शेवटची ओव्हर असल्यासारखे. ह्यांचा जीव सिमिटियनमध्ये. रविवारी फार्मर्स मार्केटात ते फूटपाथवर उभे राहून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे ना, तिथे ह्यांनी एकदा त्यांना कचऱ्याच्या डब्यांवरून वीस मिनिटं धरून ठेवलं होतं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं हो! गाडी चालवताना फोन हातात धरायचा नाही, हा कायदासुद्धा त्यांचाच. म्हणजे आमच्या मुलाला जो दंड झाला… जाऊ दे, ते नंतर.

आणि मग एप्रिलमध्ये शेवटचा आकडा आला. सिमिटियन ३०,२४९. लो ३०,२४९. अहो, अगदी तेवढेच! एक इकडे नाही, एक तिकडे नाही. मी म्हटलं, चुकून एकच आकडा दोनदा टाइप केला असेल. पण नाही. कायदा असा की प्रायमरीत दुसऱ्या नंबराला टाय झाला तर दोघंही पुढे, म्हणजे नोव्हेंबरात तिघं. २०१२ पासून ही दोघांनाच पुढे न्यायची पद्धत आहे, आणि इथे तिघं!

ह्यांचा चेहरा पडला तो तेव्हा. मला वाटलं, टाय म्हणजे आनंदच की, सिमिटियन पुढे गेले. पण हे गप्प. पोळी ताटात तशीच. मग उठले, आणि टपालाच्या त्या टोपलीत शोधाशोध. तुम्हाला माहितीये ना आमची टोपली, कुपनं, दातांच्या डॉक्टरांची कार्डं, आणि मार्चमध्ये तर उमेदवारांच्या चकचकीत जाहिराती पसाभर. त्यातून निघालं काऊंटीचं पत्र. न उघडलेलं. काय असेल त्यात सांगा? की तुमच्या पाकिटावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही, कृपया खुलासा करा!

का जुळत नाही, तर ऐका. ह्यांनी पाकिटावर सही केली २७ फेब्रुवारीला. मराठी भाषा दिन! मंडळाच्या कार्यक्रमाहून आले होते छाती फुगवून, आणि केली सही देवनागरीत. लफ्फेदार, खाली दोन टिंबं देऊन. लायसन्सवर इंग्रजी, पाकिटावर मराठी! काऊंटीची बिचारी पोरं ती सही उलटीसुलटी करून बघत बसली असतील. मी हसले हो, मला आवरलंच नाही. ते म्हणाले, 'यात हसण्यासारखं काय आहे?' आणि ताट सरकवून अंगणात गेले. याच लिंबाखाली उभे होते.

तर… हां, पुढे खरी गंमत. टाय झाल्यावर फेरमोजणी कुणी मागावी? सिमिटियननी नाही. लोंनी तर मुळीच नाही. मागितली कुणी, तर लिकार्डोंच्या मेयरपदाच्या जुन्या प्रचारात काम केलेल्या एका गृहस्थाने! अहो, लग्न ह्यांचं आणि हुंड्याची बोलणी शेजारी करतोय. लोंच्या गोटाने लगेच बोट दाखवलं, की एकास एक लढत व्हावी म्हणून लिकार्डोच मागून करवतायत. लिकार्डोंच्या गोटाने कानांवर हात. आता मी काही म्हणत नाही, पण मोजणीचा खर्च मागणाऱ्याने रोजच्या रोज भरायचा असतो, आणि कुणाच्या तरी खिशातून तो निघाला ना? दोन आठवडे मोजत होते. शेवटी लो ३०,२६१, सिमिटियन ३०,२५६.

पाच मतं, वहिनी.

मी भाजी निवडता निवडता सहज हिशेब केला. आमच्या ह्यांचं एक. तुमची दोन, रागावू नका, पण तुमची पाकिटं तुमच्या फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली होती, झाडांना पाणी घालायला आले तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिली. आमच्या चिरंजीवांचं एक, ते कॉलेजात आणि त्यांचं पाकीट इथे. आणि कोपऱ्यावरच्या काकूंचं एक, त्यांनी जाहिरातींबरोबर ते रिसायकलिंगमध्ये टाकलं आणि वर मलाच विचारतात, 'ते परत येतं का हो?' झाली की नाही पाच? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, 'पाचाने पुन्हा टायच झाला असता, जिंकायला सहा लागतात.' इंजिनिअर ना!

नोव्हेंबरला मात्र सही कशी केली म्हणाल, लायसन्स शेजारी ठेवून, चष्मा लावून, एकेक अक्षर. पण तोवर सिमिटियन नव्हतेच कागदावर. त्यांची सुपरवायझरची खुर्ची तेवढी होती, तिथे मार्गारेट आबे-कोगा आल्या. त्या आणि सॅली लीबर, दोघीही आपल्याच गावच्या कौन्सिलवर बसलेल्या, त्यामुळे कोपऱ्यावरच्या काकूंना दोघींनाही नाराज करायचं नव्हतं. त्यांनी ती ओळ कोरी सोडली म्हणे.

आणि ते प्रॉप, मतपत्रिकेवरचे प्रस्ताव! दहा होते हो राज्याचे. मी संध्याकाळी टेबलावर पुस्तिका घेऊन बसले, शेवयाची खीर करपली. ३३ आणि ३४ चं भांडण कळलं का तुम्हाला? एड्सच्या रुग्णांसाठी काम करणारी ती मोठी संस्था, तिने पैसे ओतले ३३ ला, भाड्यावर गावांना लगाम घालता यावा म्हणून. तर घरमालकांच्या संघटनेने ३४ काढलं, की औषधांतून मिळणारा पैसा अमुक इतका रुग्णांवरच खर्च करा. शब्दांत त्या संस्थेचं नाव नाही, पण लागू होणार साधारण तिलाच! जाऊबाईंनी नाव न घेता टोमणा मारावा ना, तसं. ३३ पडलं सडकून, ३४ निसटतं आलं. म्हणजे टोमणा बसला.

मला वाईट वाटलं ते प्रॉप सहाचं. तुरुंगात कैद्यांना सक्तीने राबवू नये, एवढंच. पुस्तिकेत विरोधातला रकाना रिकामा, कुणी एक अक्षर लिहून दिलं नव्हतं, आणि तरी पडलं! उलट ३६, ते चोऱ्यांना कडक शिक्षेचं, ते दणदणीत आलं. टूथपेस्ट कुलपात आणि बटण दाबून माणसाची वाट बघायची, याला लोक विटलेत, दुसरं काय. पलीकडे अलमेडा काऊंटीत तर डी. ए. बाईंना, म्हणजे सरकारी वकीलबाईंना, घरी पाठवलं आणि ओकलंडच्या मेयरबाईंनाही, एकाच दिवशी. दोघी खुर्चीवर बसल्या जानेवारी २०२३ ला, अजून गादीसुद्धा दबली नसेल.

काय म्हणालात? मी मार्चमध्ये कुणाला दिलं?

थांबा, आत बघते हं, कॉल चालू आहे ना… चालू आहे. इकडे या. अहो, मी लोंना दिलं. सव्वीस वर्षांचा असताना कॅम्पबेलचा मेयर झालेला पोरगा, आवडला मला. आणि माझी सही लायसन्सवर जशी, पाकिटावर तशी. म्हणजे ह्यांचं मत मोजलं असतं तर आमच्या घरातच टाय होता. फेरमोजणीच्या दिवशी हे मला म्हणाले, 'तुझं तरी सिमिटियनना पोचलं ना?' मी म्हटलं, 'मेथी जास्त झालीये, ठेपले करू का?'

बोलू नका हं कुठे. आले बघा बाहेर… अहो, वहिनींना लिंबं देत होते!