पोळीबंदीची मुदत कशी ठरवावी

पोळी, भात, साखर आणि बटाटा सोडण्याचा निर्णय घ्यायला मराठी माणसाला लग्नाचा एक अल्बम पुरतो. त्यात आपण स्वतःला पाठमोरे दिसलो की त्याच रात्री प्रतिज्ञा होते. पेच त्यानंतरचा आहे: हे चालवायचं किती दिवस? सुरुवात कशी करावी यावर घरात, ऑफिसात आणि जिमच्या पायऱ्यांवर सल्ला मुबलक मिळतो. शेवट कधी करावा हे कोणी सांगत नाही. इच्छुकांच्या सोयीसाठी म्हणून ही मार्गदर्शिका.

१. मूळ कायदा वाचून घ्यावा

अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ साली आपल्या आहारक्रांतीचं पुस्तक काढलं. पुढे त्यांच्या पद्धतीचे चार टप्पे रूढ झाले. पहिला आणि सगळ्यात कडक टप्पा म्हणजे ‘इंडक्शन’. चोथा वजा करून दिवसाला २० ग्रॅम कार्ब, किमान दोन आठवडे. ज्यांना पुष्कळ वजन उतरवायचं आहे त्यांना मुदत वाढवता येते. ज्यांचं थोडंच उरलं आहे त्यांनी पुढच्या टप्प्यात जावं. पुष्कळ म्हणजे किती हे ठरवण्याचं काम अर्जदाराकडेच असल्यामुळे या कलमात पळवाटांना भरपूर वाव आहे.

२० ग्रॅम म्हणजे स्वयंपाकघराच्या हिशेबात किती? साधारण एक पोळी. सकाळी ती खाल्ली की दिवस संपला, उरलेला वेळ अंडी, पालक आणि पनीर यांच्या सहवासात काढायचा. वाटीभर भात म्हणजे दोन दिवसांचा कोटा. ज्वारीची मोठी भाकरीही तेवढीच. हे घरात समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये. ‘पोळी नको? मग भाकरी घे’, ‘भातही नको? बरं, मग थोडे पोहे करते’ हा क्रम ठरलेला आहे. पोहे हे भाताचेच चपटे भाऊ आहेत, हा मुद्दा आईपुढे आजवर कोणी जिंकलेला नाही.

सोसायटीतले जाणकार या प्रकाराची गल्लत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीशी करतील. तिथली मुख्य अट दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची आहे. तिथे घड्याळ बघायचं, इथे ताट. दोन्ही एकदम करणाऱ्यांशी बोलताना जपून बोलावं, ते भुकेले असतात.

२. अपात्र उमेदवार

हे कलम विनोदाने वाचू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर कार्ब एकदम तोडल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली औषधं घेणाऱ्यांना वेगळा धोका असतो: मीटरवर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचे विकार, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर मुदत ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. तिथे शून्य दिवस हेही उत्तर असू शकतं.

३. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवावी

आता सलग चौदा कोरे दिवस शोधायचे आहेत. पेन्सिल घ्यावी, खोडरबर जवळ ठेवावं.

जानेवारीत संक्रांत. तिळगुळाचं एक बरं असतं, तो एका दिवसात संपत नाही. हळदीकुंकवाच्या निमित्ताने रथसप्तमीपर्यंत हातावर पडत राहतो. मग महाशिवरात्र, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड. एप्रिल-मे हा सण नाही, हंगाम आहे. एका हापूसच्या रसात दिवसाचा कोटा बुडतो, आणि पेटी आली की एकच आंबा खाणारा माणूस घरात संशयास्पद ठरतो. त्यातच लग्नसराई. जूनमध्ये पहिला पाऊस आणि कांदाभजी, पाठोपाठ आषाढी. आषाढात तर आखाड तळण्याचा प्रघातच आहे: तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या, शंकरपाळे. महिन्याच्या शेवटी गटारी येते तेव्हा प्रथमच धर्म आणि डाएट एका पंगतीला बसतात, कारण ताटात मटण असतं. मात्र शेजारी वडे असतात.

दुसऱ्या दिवशी श्रावण. ज्या घरांत तो पाळतात तिथे मटण, मासे आणि अंडी एका रात्रीत जातात, म्हणजे डाएटचा पायाच निघून जातो. मग नारळीभात, मग गणपती. उकडीचा मोदक बेताचा असला तरी २० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि एक मोदक खाऊन उठण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पितृपक्षात खीर-वडे, नवरात्रात उपास, कोजागरीला आटीव दूध, मग दिवाळी. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात.

उपासाच्या दिवसांकडे काही उमेदवार आशेने बघतात. उपास म्हणजे कमी खाणं, असा त्यांचा भाबडा समज असतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणजे चार दिवसांचा कोटा. बटाटा, रताळं, वरी, राजगिरा उपासाला चालतात आणि डाएटला चालत नाहीत. अंडं, मासा, फ्लॉवर डाएटला चालतात आणि उपासाला चालत नाहीत. दोन्हीकडे चालणाऱ्या पदार्थांची यादी अशी: काकडी, ओलं खोबरं, पनीर, तूप आणि मोजून शेंगदाणे. ही यादी फ्रिजवर लावावी. एक मॅग्नेट पुरतो.

या शोधाचा निष्कर्ष असा की चौदा कोरे दिवस महाराष्ट्राच्या पंचांगात नाहीत. ‘दिवाळी झाली की करतो’ म्हणणाऱ्याला दिवाळी दर वर्षी मिळते, ‘झाली की’ मिळत नाही. म्हणून कुठल्याही सोमवारी सुरू करावं आणि मध्ये येणारा सण हा खंड न मानता एक जेवण मानावं.

४. वजनकाट्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि उमेदवार जुनी पँट शोधायला माळ्यावर चढतो. त्याला हळूच खाली उतरवावं. यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे कार्बचा साठा, असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब बंद झाले की हा साठा आटतो आणि पाणी निघून जातं. इन्सुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं मीठही बाहेर टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं धरतं, पाय गळून जातात आणि घरचे म्हणतात, ‘सांगितलं होतं.’ रक्तदाबाचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं सूप त्यावर बऱ्याचदा पुरेसं ठरतं.

जे पाणी गेलं ते चार पोळ्यांनंतर परत येण्याच्या तयारीत बाहेर उभं असतं. तेव्हा पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून मुदत ठरवू नये. पण ठरवली जाते, आणि पद्धत अशी: वजन भराभर उतरतंय तर ‘लागू पडलंय, वाढवू या’, वजन अडकलं तर ‘अजून पुरेसं झालं नाही, वाढवू या’. ज्या साक्षीदाराच्या दोन्ही उत्तरांना एकच निकाल लागतो, त्याला कोर्टात बोलावण्याचं कारण नाही.

केटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, दाखवणाऱ्या आणि लघवीत बुडवायच्या पट्टीचंही तेच. ती जांभळी झाली की तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, आणि तो कशाचा आहे हे काकांना उशिरा कळतं. ती फिकी पडली की शोककळा येते. प्रत्यक्षात भरपूर पाणी प्यायल्यानेही रंग फिका पडतो, आणि काही आठवड्यांनी शरीर केटोन अधिक चांगल्या रीतीने वापरू लागलं, कमी बाहेर टाकू लागलं, तरीही पडतो. पट्टी चरबीचा हिशेब ठेवत नाही. पट्टी फक्त रंगते.

५. मुदतवाढीचे अर्ज आणि त्यांचं खरं कारण

दोन आठवडे संपले की अर्ज येऊ लागतात. ‘सवय झालीय.’ ‘आत्ता सोडलं तर सगळं वाया.’ ‘अजून चार किलो, मग थांबतो.’ सगळ्यांच्या तळाशी एकच कारण असतं, ते कोणी लिहीत नाही: बंदी पाळणं सोपं असतं, माप पाळणं अवघड.

आपल्याकडे हे विशेष खरं आहे, कारण आपल्याकडे आग्रह आहे. ‘मी डाएटवर आहे, पोळी बंद आहे’ या वाक्यापुढे यजमान हात टेकतो; त्याला ते व्रतासारखं वाटतं आणि व्रत मोडायला लावण्याचं पाप त्याला नको असतं. पण ‘मी थोडंच खातो’ म्हणा, की तुम्ही वाटाघाटीला बसलात. अर्धी पोळी मागितली तर अर्धी कशी वाढायची म्हणून पूर्ण येते, आणि एकच कशी म्हणून दुसरी. बंदीत असेपर्यंत तुम्हाला कवच आहे. बंदी उठली की प्रत्येक ताटावर स्वतः निर्णय घ्यायचा, आणि तोही मावशीच्या देखत. म्हणून लोक चौदा दिवसांचे चाळीस करतात, चाळिसाव्या दिवशी कोणाच्या तरी मुंजीत सहा जिलब्या खातात आणि सोमवारपासून पुन्हा पहिला दिवस धरतात. हा निग्रह दिसतो खरा, पण निर्णय टाळण्याची ही सगळ्यात कष्टाची पद्धत आहे.

६. बाहेर पडण्याची शिडी

ॲटकिन्स पद्धतीत बाहेर पडायला शिडी दिली आहे. दर आठवड्याला दिवसाच्या कोट्यात पाच ग्रॅम वाढवायचे, आणि पदार्थ ठरलेल्या क्रमाने परत आणायचे: आधी जास्त भाज्या, मग ताजं चीज, सुकामेवा आणि बिया, बेरीवर्गातली फळं, त्यानंतर वाइन वगैरे, मग डाळी, मग इतर फळं, मग कंद, आणि सगळ्यात शेवटी धान्य.

हा क्रम मराठी घरात वाचून दाखवण्यापूर्वी विचार करावा. वरणाच्या आधी वाइन येते हे आजीला पटवणं अशक्य आहे, आणि आजोबांना ते लगेच पटतं हे त्याहून घातक. इथे स्थानिक दुरुस्तीला हरकत नसावी: वाइनची पायरी वगळून वरणावर पाय ठेवावा. पाच ग्रॅम म्हणजे दोन-तीन मोठे चमचे घट्ट वरण किंवा पाव पोळी. या गतीने एक पूर्ण पोळी ताटात यायला महिना लागतो. ‘येत्या मंगळवारपासून मला पाव पोळी चालेल’ हे वाक्य आरशासमोर म्हणून बघावं. ते म्हणताना हसू येत नसेल, तर तुम्ही शिडी चढायला तयार आहात.

शिडीचा शेवट कुठे होतो याचा अंदाज आपल्याकडे आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या कमी कार्बच्या गटाला पहिल्या आठ आठवड्यांत दिवसाला २० ग्रॅमपर्यंत खाली यायला सांगितलं होतं. मग प्रत्येकाने आपल्याला कायम पाळता येईल अशा किमान पातळीपर्यंत हळूहळू वाढवायचं. वर्षअखेरीस हा गट सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास पोचला होता. वजन सरासरी सहा किलो उतरलं. शेजारी कमी स्निग्धांशाचा गट होता, त्याचं ५.३ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला.

म्हणजे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालची माणसंही फिरून सहा-सात पोळ्यांच्या हिशेबावर आली, आणि तरी त्यांचं वजन उतरलेलं राहिलं. सरासरी बघता २० ग्रॅम हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. तेव्हा बंदीची मुदत बंदीकडे बघून ठरत नाही. तिच्यानंतरचं ताट कसं असेल यावरून ठरते.

७. अंतिम आदेश

चौदाव्या दिवशी संध्याकाळी, जेवणाआधी, तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. पुष्कळ वजन अजून उतरवायचं आहे का, आणि तब्येत ठीक आहे का? दोन्हींना ‘हो’ असेल तर आणखी थोडे आठवडे राहायला हरकत नाही, मात्र शेवटची तारीख आजच लिहून ठेवावी. बाहेर पडल्यावर पहिला पदार्थ कोणता आणि तो किती, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत असेल तर आजच बाहेर पडावं. येत नसेल तर आणखी दोन महिने आत राहूनही ते वाक्य सुचणार नाही. कागद-पेन घ्यावं आणि बसून लिहावं. तिसरा प्रश्न: ‘अर्धीच वाढ’ हे वाक्य मावशीला तीनदा, आवाज न चढवता, म्हणता येतं का? खरी परीक्षा ही. हिच्या सरावासाठी डाएटची गरज नाही, तो आजपासून करता येईल.

बंदी संपण्याची तारीख मात्र घरात आधी जाहीर करू नये. त्या दिवशी पुरण घातलं जातं.