इन्शुरन्स कितीला बसला?

नवी मोटारसायकल सोसायटीच्या गेटातून आत आली की बाकीचे लोक पेढे मागतात. कोटेशनकाका विचारतात, "इन्शुरन्स कितीला बसला?" आकडा कोणताही सांगा, त्यांचा चेहरा पडतो. म्हणजे तुमच्यासाठी पडतो. आतून माणूस खूश असतो. "मला एक फोन करायचास रे," म्हणत ते मागचं टायर दाबून बघतात. टायरचा आणि इन्शुरन्सचा काय संबंध, हे विचारायची सोय नसते.

नाव त्यांना पार्किंगमधल्या पोरांनी दिलं. असे काका धायरीत आहेत, डोंबिवलीत आहेत, नाशिकच्या सिडकोत तर गल्लीला एक असावा. साठीच्या आसपासचं वय, शर्टाच्या खिशात आरसीची झेरॉक्स, मोबाइलमध्ये अर्ध्या सोसायटीच्या पॉलिस्यांच्या पीडीएफ. स्वतःची गाडी स्प्लेंडर, टाकीवर अजून 'हिरो होंडा'. त्या दोघांनी २०१० साली वेगळं व्हायचं ठरवलं, काकांना ते मान्य नाही.

आता हिशेब बघा. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाचे ७१४ रुपये, वर जीएसटी. २०२२ च्या जूनपासूनचा हा दर. कुठल्याही कंपनीच्या दारात जा, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. घासाघीस करायला उरतं ते 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं. स्प्लेंडरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, अठरा हजार धरली, तर जुन्या दरपत्रकाप्रमाणे त्याचे होतात सव्वातीनशेच्या आसपास. काकांचा नो क्लेम बोनस पन्नास टक्के. राहिले एकशे पासष्ट. या एकशे पासष्ट रुपयांवर काका महिनाभर काम करतात.

पहिलं कोटेशन सरकारी कंपनीतल्या ओळखीच्या डेव्हलपमेंट ऑफिसरचं. दुसरं संगम पुलाजवळच्या आरटीओबाहेर बसणाऱ्या एजंटचं. तिसरं पेट्रोल पंपावरच्या पीयूसीच्या व्हॅनमधलं. तिथला पोरगा एका हाताने सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर प्रीमियम काढतो. मग ऑनलाइन. ऑनलाइनला मोबाइल नंबर मागतात, तिथे काका मेव्हण्याचा नंबर टाकतात. मेव्हणा साताऱ्यात असतो, त्याच्याकडे दुचाकी नाही. त्याला वर्षभर फोन येतात की सर, आपकी स्प्लेंडर का रिन्यूअल ड्यू है. दिवाळीला तो बहिणीकडे येतो, पण भाऊजींशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

आयडीव्हीवरून काका दोन तोंडांनी बोलतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत मालकाने आणि कंपनीने आपसात ठरवायची असते. एजंट "पंधरा हजार धरू" म्हणाला की काका उसळतात. "पंधरा? अरे, नुसतं इंजिन बघ! ऐकू येतं का चालू आहे ते?" बरं, वीस धरू म्हटलं की प्रीमियम वाढतो. "भंगाराला कोण वीस देतं?" हे वाक्यही त्यांचंच, दोन मिनिटांनंतरचं. काही कंपन्या इतक्या जुन्या गाडीला नुसती थर्ड पार्टीच देतात. त्या कंपन्यांची नावं काका घरात उच्चारू देत नाहीत.

पण माणूस नुसता बडबड्या नाही, हे कबूल केलं पाहिजे. मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा प्रत्येक गाडीवर वेगळा घ्यावा लागत नाही, एका गाडीवर असला की पुरे, हे मला त्यांनीच सांगितलं. शेजारच्या घरात तीन दुचाकी आणि तिन्ही एकाच्या नावावर. तिथले दोन जादा प्रीमियम काकांनी बंद करवले. शिवाय विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा दोन हजार दंड, पुन्हा सापडलात तर चार, हे ते लहान मुलांना गोष्ट सांगावी तसं सांगतात. गोष्टीत तुरुंगही येतो, तीन महिन्यांपर्यंतचा.

मजा येते ती त्यांना शोरूमला नेल्यावर. वरच्या मजल्यावरच्या मुलीला साडेचारशे सीसीची गाडी घ्यायची होती, लडाखला जायला. काकांनी गाडीकडे पाहिलंच नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम भरावी लागते. साडेतीनशे सीसीपर्यंत ती ७,३६५ रुपये आणि त्याच्यावर एक सीसी जरी गेली तरी १५,११७. "लडाख साडेतीनशेतपण येतं," काका म्हणाले. तिने ३४९ सीसीची घेतली. मग सेल्समनने ऑन रोडचा कागद पुढे केला, त्यात इन्शुरन्स आधीच धरलेला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "इन्शुरन्स आम्ही बाहेरून काढणार." सेल्समन म्हणाला, मग कॅशलेसला प्रॉब्लेम येईल. काका म्हणाले, लिहून द्या. सेल्समन मॅनेजरकडे गेला, मॅनेजर चहा घेऊन आला, आणि चहा संपेपर्यंत दोन हजार शंभर रुपये कमी झाले. काका खट्टू झाले. घरून आणलेली सहा कोटेशनं दाखवायची राहून गेली.

त्याच गाडीला त्यांनी झिरो डेप घ्यायला लावलं. "प्लास्टिकच्या पार्टचे एरवी निम्मेच पैसे देतात, रबराचेही. नवी गाडी आहे, झिरो डेप पाहिजेच!" पुढच्या पावसाळ्यात ती नवले पुलाखाली घसरली. मुलीला खरचटलं, गाडीचा इंडिकेटर आणि साइड पॅनेल गेलं. मेकॅनिकने तेवीसशे सांगितले. काकांनी पार्किंगमध्येच उकिडवं बसून कॅल्क्युलेटर उघडला.

"क्लेम करायचा नाही."

"अहो काका, मग झिरो डेप कशाला घेतलं?"

"घेतलं ना? असू दे. क्लेम केलास की बोनस शून्यावर. या वर्षी वीस टक्के, पुढे पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, मग पन्नास. माझ्याकडे बघ, आजतागायत एक क्लेम नाही."

त्यांच्या स्प्लेंडरचा डावा आरसा कधीपासून नाही, उजवा इंडिकेटर सेलोटेपने बांधलेला आहे आणि टाकीला बसलेला पोचा त्या 'होंडा'तल्या 'हों'पर्यंत पोचलाय. मुलीने तेवीसशे खिशातून भरले. काकांनी आपल्या वहीत तिच्या नावापुढे वीस टक्के लिहिले आणि रिन्यूअलची तारीख लाल पेनाने गोल केली.