लोणंदी टेन्शन

लोणंदमध्ये काळजी करणारी माणसं आता उरलेली नाहीत. आमच्याकडे सगळे टेन्शन घेतात. कांद्याच्या बाजारपेठेचं गाव असल्यामुळे असेल, पण या मालाला क्रियापदंही बाजारातलीच लागली आहेत. टेन्शन येतं, वाढतं, उतरतं. कुणी ते देतं, कुणी घेतं, आणि एखादा खमक्या "आपण नाय घेत" म्हणून परत पाठवतो. फक्त त्याची हिशेबाची पट्टी हातात मिळत नाही.

मी इंग्रजीचा मास्तर, आता निवृत्त. वरीड, अँक्शस, नर्व्हस आणि अपसेट यांतले बारीक फरक फळ्यावर लिहून मी बरेच खडू संपवले. पोरांनी ते पाठही केले. आणि शाळेबाहेर पडल्यावर सगळ्यांनी मिळून एकच शब्द वापरायचं ठरवलं, तोही माझ्या यादीत नसलेला. बारावीच्या पेपरला निघालेला एक पोरगा मला म्हणाला, "सर, आय ॲम फुल टेन्शन." व्याकरण चूक होतं. पण त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्या वाक्यातलं एक अक्षर बदलायची माझी छाती झाली नाही.

हा शब्द त्यांनी पुस्तकातून उचलला नाही, विजेच्या तारांवरून उचलला असा माझा पक्का संशय आहे. रानावरून गेलेल्या मोठ्या लाइनला आमच्याकडे 'हायटेन्शन' म्हणतात. खाली उभं राहिलं की घूं घूं आवाज येतो, हात लावायची सोय नसते, आणि तक्रार घेऊन गेलं की सांगतात, हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर विचारा. संसारी माणसाच्या मनाचं याहून चोख वर्णन मला कुठल्या शब्दकोशात सापडलेलं नाही.

आता इथलं मुख्य टेन्शन म्हणजे कांदा. हळवा कांदा टिकत नाही, म्हणून तो लगेच विकायचं टेन्शन. गरवा चार-पाच महिने टिकतो, म्हणून तो कधी विकायचा याचं टेन्शन. साठवणीच्या ऐरणीत भरून ठेवावा तर आतून सडतो, काढून विकावा तर दुसऱ्या दिवशी भाव चढतो. त्यावर दिल्ली. १९९८ साली कांदा महागला आणि दिल्लीतलं राज्य सरकार निवडणुकीत आडवं झालं. तेव्हापासून दिल्लीने कांद्याचं जे टेन्शन घेतलंय, ते अजून सोडलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये दार उघडलं, पण उंबऱ्यावर ४० टक्के शुल्क पुन्हा बसलेलंच. सप्टेंबरात ते २० वर आलं आणि २०२५ साली एकदाचं गेलं. कधीपासून? तर १ एप्रिलपासून. ही तारीख ऐकल्यावर आमच्या शेजारच्या आण्णांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग कॅलेंडरकडे. एकूण हिशेब असा, की दिल्लीचं टेन्शन उतरतं त्या दिवशी लोणंदचं चढतं. दोघांचं एकदम उतरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे मी अधूनमधून खऱ्या इंग्रजीचा प्रसार करू पाहतो. 'वरी' या शब्दाचा जुना अर्थ गळा आवळणं. कुत्र्याने मेंढराची मान धरून त्याला गदागदा हलवणं म्हणजेही वरी. इंग्लंडात १९५३ साली झालेला कायदा आहे: कुत्र्याने दुसऱ्याच्या मेंढरांना 'वरी' केलं तर मालकाला दंड. ही माहिती मी आमच्या रानात मेंढरं बसवायला आलेल्या एका धनगर तात्यांना मोठ्या उत्साहाने दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "कुत्रं आमचंच हाय गुरुजी, ते कशाला करील? आमची वरी लांडगा करतो. त्याला दंड कुनी लावायचा?"

'अपसेट'चंही तसंच. उभी गाडी पालथी होणं हा त्याचा एक जुना, सरळ अर्थ. सालप्याच्या घाटात कांद्याचा टेम्पो कलंडला तर तो अपसेट झाला म्हणायला हवं. पण आमच्याकडे टेम्पो पलटी होतो आणि अपसेट होते सून. कधीकधी पोटही होतं.

'डिप्रेशन'ची कथा निराळी. हा सगळा भाग पर्जन्यछायेचा, पावसाकडे डोळे लावून बसणारा. बंगालच्या उपसागरात डिप्रेशन तयार झालं अशी बातमी आली की आमच्याकडे माणसांचे चेहरे खुलतात. तेच डिप्रेशन कांदा काढून रानात पडलेला असताना आलं, तर मात्र ते समुद्रातून उठून सरळ घरात शिरतं.

मला यातून जे दिसलं ते असं. आमच्या घरातल्या बायकांची काळजी कुठे राहते ते त्यांना माहीत असतं. आत्या म्हणते, "जिवाला घोर लागलाय." काकू म्हणते, "काळीज लकलक करतंय." कुणाच्या पोटात कालवतं, कुणाच्या पोटात गोळा येतो. पुरुषाला पोट नाही आणि काळीजही नाही. "मला भीती वाटते" हे वाक्य बाजारतळावर उभं राहून बोललेला गडी मी पाहिलेला नाही. बाजाराला निघताना घरची बंडी काढून इस्त्रीचा शर्ट चढवावा, तसा तो भीतीला इंग्रजी शब्द चढवतो. भाव पडलाय, सोसायटीचं कर्ज थकलंय, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, यातलं काहीच न सांगता तो म्हणतो, "जरा टेन्शनमदी हाय." समोरच्याने "कशाचं?" असं विचारायचं नाही, हा अलिखित नियम. "चालायचंच" म्हणायचं आणि चहा मागवायचा.

हा नियम आत्याला ठाऊक नाही. तिच्या लेकाने एकदा तिच्यासमोर टेन्शनचं नाव काढलं. तिने विचारलं, "कुठं दुखतंय?"

"कुठं नाय."

"झोप लागती?"

"नाय."

"मग घोर हाय त्यो. बस हितं, सांग."

त्याने सांगितलं. तास लागला. मला वाटतं, टेन्शन आहे म्हटलं की सुटता येतं, घोर आहे म्हटलं की सुटता येत नाही.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा पाणी, जागा, वाहनं यांचं साऱ्या गावाला टेन्शन. आणि ज्याची पेरणी मागे गावाकडे पावसाच्या भरवशावर पडली आहे, तो वारकरी मात्र आमच्या ओट्यावर पडून घोरत असतो. त्याला उठवून टेन्शनबद्दल विचारावं असं दरवर्षी मनात येतं. पण चांदोबाच्या लिंबाजवळ पुढे उभं रिंगण असतं, तो थांबणार कशाला.

नव्या पिढीला टेन्शनही आता गावंढळ वाटू लागलंय. पुण्याला कंपनीत असलेला भाचा परवा येऊन सोफ्यावर पडला आणि म्हणाला, "मामा, बर्नआउट झालंय." त्याच्या आजीने फडताळातून बर्नॉल काढून आणलं. त्याच्या बहिणीला अँग्झायटी आहे, तिच्या मैत्रिणीला पॅनिक होतं. म्हाताऱ्यांना हे सगळं फॅड वाटतं. मला नाही वाटत. निदान ही पोरं शेवटपर्यंत सांगतात तरी.

खरं डिप्रेशन हा आजार आहे, आणि तो चहाने जात नाही. त्यासाठी सरकारचा 'टेली-मानस' नावाचा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं. आणि तिथे टेन्शन आहे म्हटलं की "कशाचं?" असं विचारतात.