बोट गेल्यावर पाळावयाचे नियम

ज्यांचे बोट प्रेसखाली गेले आहे आणि ज्यांचे जाण्याची रास्त शक्यता आहे, अशा समस्त कामगारबंधूंसाठी पुढील नियम सादर करीत आहोत. ते रचताना आमच्या मामांचा अनुभव मोलाचा ठरला. मामांनी जे जे केले ते ते करू नये, एवढ्या एका सूत्रावर हे सारे मार्गदर्शन उभे आहे.

नियम पहिला. अपघातापूर्वी आपला विमा आहे की नाही ते पाहावे. १९४८च्या कायद्यातून आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेला कारखान्यात नुसते ‘ईएसआय’ म्हणतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर त्यातला पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के घालतो. पाऊण टक्का कापलेला स्लिपवर दिसतो. तो पुढे गेला की कॉन्ट्रॅक्टरच्या खिशात राहिला, हे विमा क्रमांक हाती आल्याशिवाय कळत नाही. मामांच्या कॉन्ट्रॅक्टरकडे कार्ड काढण्याचा खास मुहूर्त होता : बोट तुटल्याचा दिवस. फरशीवरचं रक्त पुसायच्या आत त्यानं आधारची झेरॉक्स मागितली. ज्याला एरवी मामांचं आडनाव आठवत नसे, त्यानं त्या दिवशी वडिलांचं नावसुद्धा बिनचूक लिहिलं! वर मामांना म्हणाला, “तुमचे दिवस भरले नाहीत अजून.” मामांनी तो आशीर्वाद समजून नमस्कार केला. वस्तुतः ७८ दिवसांची अट आजारपणाच्या भत्त्याला आहे. कामावरच्या अपघाताला नाही. तिथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो.

नियम दुसरा. बरे होण्याची घाई करू नये. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम करता आले नाही, तरच तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता सुरू होतो : पगाराच्या ९० टक्के, डॉक्टर ‘फिट’ लिहून देईपर्यंत. मामा दुसऱ्याच दिवशी हाताला हे एवढं बँडेज बांधून पहिल्या पाळीला हजर. घरी बसून काय करायचं म्हणे. सुपरवायझरनं प्रेमानं हजेरी लावून घेतली, कारण ज्या दिवशी हजेरी त्या दिवशी भत्ता नाही. शेवटी मामींनी गेटवर जाऊन त्यांना परत आणलं. काय बोलल्या ते वॉचमनला ठाऊक. तो अजून त्यांना सलाम करतो.

नियम तिसरा. सही करण्यापूर्वी वाचावे. प्रत्येक कारखान्यात अपघाताची नोंदवही असावी लागते आणि मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवायचा असतो. या अहवालांत सुपरवायझर मंडळींची प्रतिभा विशेष फुलते. ‘सदर कामगाराचे बोट राहत्या घरी दरवाज्यात अडकले.’ दवाखान्यातल्या केसपेपरवर काय लिहिले जाते तेही पाहावे, कारण पुढे सगळे तोच कागद उघडतात. कामावर, अमुक पाळीत, अमुक मशीनवर, अमक्याच्या देखत, एवढे स्वतःच्या तोंडाने सांगावे. सोबत आलेल्या कंपनीच्या माणसाला बोलू देऊ नये. तो आपल्यासाठी आलेला नसतो.

नियम चौथा, आणि खरे तर सगळा ग्रंथ याच्यासाठीच. चूक कुणाची, हे विचारल्याशिवाय सांगू नये. विचारल्यावर तर मुळीच सांगू नये. या योजनेत लाभासाठी चूक कुणाची ते पाहात नाहीत. तुमचं लक्ष नव्हतं, डुलकी लागली, अगदी मालकाच्या कामासाठी एखादा नियम मोडलात, तरी तेवढ्यानं हक्क जात नाही. एवढा उदार कायदा मिळूनही मामांनी डॉक्टर, क्लार्क, रिक्षावाला, शेजारचे पेशंट, सगळ्यांना एकच सांगितलं : “मशीनचा काय दोष? माझंच लक्ष नव्हतं.” अहो मामा, गार्ड कुणी काढला होता? प्रॉडक्शन निघत नाही म्हणून सेन्सर कुणी बंद केला? लागोपाठ दुसरी पाळी कुणी करायला लावली? यावर मामा म्हणतात, “ते बिचारे तरी काय करणार, त्यांच्यावरही प्रेशर असतं.” प्रेसखाली स्वतःचं बोट गेलेला माणूस दुसऱ्याच्या प्रेशरची काळजी करतो, तेव्हा मार्गदर्शकाने काय मार्गदर्शन करावे?

नियम पाचवा. भाव माहीत असावेत. कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती टक्के गेली याचा तक्ता आहे. अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. डावा-उजवा भेद नाही. पेरागणिक दर वेगळा. अंगठ्याखालोखाल मान तर्जनीला आहे आणि तो योग्यच आहे, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवायला तीच लागते. मामांची तर्जनी शाबूत आहे. वापरातच नव्हती ना. गेली ती मधल्या बोटाची दोन पेरे, म्हणजे ९ टक्के. समजा रोज ५०० रुपये पडतो : त्याचे ९० टक्के ४५०, आणि ४५०चे ९ टक्के म्हणजे ४० रुपये ५० पैसे. दिवसाला, हयातभर. फार नाहीत. पण हक्काचे आहेत.

नियम सहावा. टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे हात खिशातून बाहेर काढावा. “आता काही दुखत नाही साहेब” हे वाक्य घरी ठेवून जावे. टक्के कमी धरले असे वाटले, तर अपील करता येते.

नियम सातवा. आधार आणि पासबुकावरचे नाव अक्षरशः एक असावे.

जाता जाता कानांविषयी. कामामुळे होणाऱ्या रोगांचीही यादी आहे. तीत सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणाही आहे. प्रेसशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले मामा फोनवर कुजबुजतात तेव्हा समोरच्या बिल्डिंगला बातमी कळते. म्हटलं, मामा, कान तपासून घेऊ. तर म्हणाले, “माझ्या कानांना काही झालेलं नाही. हल्ली लोकच पुटपुटतात.” जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची चूक काढली, आणि नेमकी इथे!

नियम शेवटचा. कायमचा भत्ता सुरू झाल्यावर वेळोवेळी हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा एकच नियम मामा न सांगता पाळतात. इस्त्रीचा शर्ट घालून जातात, खिडकीशी वाकतात आणि आतल्या बाईंना म्हणतात, “तसदीबद्दल माफ करा मॅडम, अजून आहे.”