अंबाझरीचं आरमार आणि टोपीचा कोन

नागपूरहून समुद्र गाठायचा तर समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर संपवावे लागतात आणि ते संपल्यावरही माणूस भिवंडीजवळच उभा असतो. तरी आमच्याकडे आरमार आहे. एनसीसीच्या नौदल शाखेची पोरंपोरी अंबाझरी तलावावर वल्ही मारतात, शिडं उभारतात. सक्ती कुणाची नाही. 1948 च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या या संघटनेत कॅडेटला पुढे फौजेत जाण्याचंही बंधन नाही, हौसेनं येतात. त्यांची टिंगल करायची माझी इच्छा नाही. माझा विषय त्यांच्या डोक्यावर आहे.

म्हणजे बेरे. बॅज डाव्या डोळ्याच्या वर, उरलेलं कापड उजव्या कानाकडे झुकलेलं. नवीकोरी बेरे डोक्यावर उलट्या मडक्यावरच्या लांब पोळीसारखी चारी बाजूंनी लोंबते. मग ती पाण्यात भिजवून, डोक्यावर दाबून, आकार येईपर्यंत तशीच ठेवायची. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या घरात या कामासाठी बादलीभर पाणी मागून पाहा. आरमाराला घरातूनच पहिला विरोध होतो.

आणि ती लोकरीची. 23 मे 2013 रोजी इथं 47.9 अंश तापमान होतं. 2024 च्या मे महिन्यात एका स्वयंचलित केंद्रानं तर 56 अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं नंतर केला. आमचं मत असं की यंत्रालाही ऊन लागलं. त्याच्या खिशात कांदा नव्हता.

अशा उन्हात नागपूरकर काय करतो? दुपट्टा बांधतो. पांढरा, कानावरून, नाकावरून, फक्त डोळे उघडे. पण सेनादलांची रीत अशी की उघड्या डोक्यानं सॅल्यूट नाही. आणि दुपट्टा बांधलेलं डोकं झाकलेलं धरायचं की उघडं, याचा निकाल कुणी दिलेला नाही. शीख कॅडेटांच्या पगडीला नियमांत जागा आहे, ते योग्यच आहे. दुपट्ट्याची बाजू मांडायला मात्र आमच्याकडून कुणी गेलं नाही. विधिमंडळ दरवर्षी इथं येतं, पण हिवाळ्यात. डिसेंबरच्या नागपुरात स्वेटर घालून फिरणाऱ्या आमदाराला मेमधल्या टाळूचं दुःख कसं कळावं!

खरं तर टोपीच्या बाबतीत या शहराला कुणी शिकवायला नको. 1920 चं काँग्रेस अधिवेशन इथं, 1923 चा झेंडा सत्याग्रह इथं. संघ इथलाच, 2016 साली त्यांची अर्धी चड्डी गेली, काळी टोपी राहिली. दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी सांभाळणारे समता सैनिक दलाचे स्वयंसेवकही गणवेशातच असतात. स्वयंसेवक म्हटलं की आधी डोक्याचं माप घ्यायचं, हा आमचा शिरस्ता. काम काय, ते टोपी मिळाल्यावर सांगू.

म्हणून 23 सप्टेंबर 2023 ची पहाट फार गैरसोयीची ठरली. अंबाझरी भरून वाहिला आणि तलावच अंबाझरी लेआउटमध्ये, डागा लेआउटमध्ये, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरला. एनडीआरएफ, एसडीआरएफ, लष्कर, सगळे आले. पण गल्लीतली पोरं पाण्यात उतरली ती बोडकीच. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त साहेबांना हे अजून पटलेलं नाही.

"पूर आला ते ठीक," ते म्हणाले, "पण स्वयंसेवक कोण आणि बुडणारा कोण, ओळखायचं कसं?"

"जो ओरडून राह्यला तो बुडणारा साहेब," चहावाला म्हणाला, "काऊन डोकं खाता?"

साहेबांनी ऐकलं नाही. पुढच्या पुरासाठी त्यांनी शिरोभूषणाच्या नियमांचा मसुदा केला आहे. तो मी वाचला. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर बेरे, कमरेपर्यंत आलं तर चिनस्ट्रॅप असलेली टोपी, त्यावर गेलं तर वरिष्ठांची पूर्वपरवानगी. रंगाबद्दल एकमत होणं अशक्य. भगवा, निळा, पांढरा, काळा, हिरवा हे सगळे आधीच कुणाचे ना कुणाचे आहेत. उरतो तो नाग नदीच्या पाण्याचा रंग, त्याला दर्जीच मिळेना.

शेवटचं कलम मात्र साहेबांनी मन लावून लिहिलं आहे: टोपी वाहून गेल्यास काय? नाग नदीतून ती कन्हानला लागेल, कन्हानमधून वैनगंगेला, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर. नागपूरच्या नौदलाची निदान टोपी तरी समुद्र पाहील, म्हणून साहेब हरखले होते. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की मधे वैनगंगेवर गोसीखुर्द धरण लागतं, त्याचं काय. पायाभरणी 1988 सालची. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी कलमात दुरुस्ती केली: 'टोपी गोसीखुर्दला अडकल्यास दुसरी टोपी सुधारित प्रशासकीय मान्यतेनंतर मिळेल.'