आडोसेकर

ज्येष्ठांच्या संकुलात घर बघायला आलेली माणसं साधारणपणे डॉक्टर किती वेळ असतो, जेवण कितपत तिखट आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, एवढं विचारतात. आडोसेकर यातलं काही विचारत नाहीत. ते भिंतीवर टकटक करतात, कान लावतात आणि मग म्हणतात, ‘‘चार इंची की सहा?’’

त्यांचं खरं आडनाव काहीही असो. बावधनपासून तळेगावपर्यंत साठीपुढच्यांसाठी जिथे जिथे इमारत उठते, तिथल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये एक आडोसेकर असतोच. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे एकाला ठसका लागला की चार घरांतून पाणी यायचं. नोकरी बँकेत, काचेच्या केबिनमध्ये. संसार दोन खोल्यांत, जिथे कुकरच्या शिट्ट्या शेजारीण मोजायची आणि संध्याकाळी जिन्यात गाठून ‘‘आज डाळ शिजत नव्हती वाटतं?’’ असं विचारायची. आता जुना फ्लॅट विकून, फंडाचे पैसे घालून, आयुष्यात एकदा तरी आतून कडी लावून निवांत बसायचं, एवढंच त्यांचं मागणं.

आणि नेमकी कडीशीच गाडी अडते.

‘‘काका, हे बघा,’’ सेल्सची मुलगी कौतुकानं दाखवते, ‘‘बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. कडी बाहेरूनही काढता येते. कुणी आत पडलं तर.’’

‘‘आणि नाही पडलं तर?’’

मुलगी हसते. तिला वाटतं, काका विनोदी आहेत. महारेरानं २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात व्हीलचेअर सहज जावी म्हणून दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, हेही ती सांगते. ‘‘एवढ्यातून अख्खं भजनी मंडळ आत येईल,’’ आडोसेकर पुटपुटतात. पुढे कळतं की जादा किल्ली ऑफिसात ठेवायची असते, पलंगाशी घंटेचं बटण असतं आणि दारावरची दुधाची पिशवी नऊपर्यंत कुणी उचलली नाही तर वॉचमन बेल वाजवतो.

‘‘म्हणजे उशिरा उठायचीसुद्धा चोरी!’’

खरं सांगायचं तर आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष असावं, याचेच तर इथे पैसे मोजायचे असतात. एकांतासाठी अशा ठिकाणी घर घेणं म्हणजे मौन पाळायला मंडईत जाऊन बसणं. काकूंना हे केव्हाच उमगलंय. त्यांना भोजनगृहासमोरचाच फ्लॅट हवा आहे. ‘‘अहो, चाळीस वर्षं एकट्या तुमच्याशीच बोलतेय मी,’’ असं त्या मुलीसमोरच म्हणतात.

पण आडोसेकर हार मानणाऱ्यांतले नव्हेत. महारेराच्या संकेतस्थळावरून मंजूर नकाशा उतरवून घेतात. त्यावर बाग, मंदिर, योगा हॉल यांकडे ढुंकूनही न बघता समोरच्यांच्या खिडक्यांवर लाल पेनानं फुल्या मारतात. पुढच्या खेपेला बाथरूमच्या झरोक्याला तोंड लावून डक्टमध्ये ‘‘हॅलो’’ म्हणतात. खालून कुठून तरी ‘‘बोला!’’ असं उत्तर येतं. तो फ्लॅट बाद.

शेवटी टोकाचा मिळतो. दारासमोर दार नाही, एका अंगाला जिना, मागे नाला. कोपऱ्याचे जादा पैसे एरवी घासाघीस करणारे आडोसेकर एका शब्दानं तक्रार न करता भरतात. राहायला आल्यावर दारावर पाटी लावत नाहीत. पडदे दुहेरी अस्तराचे. संकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, पण फक्त वाचण्यापुरते. हास्यक्लबच्या मंडळींना त्यांनी सेफ्टी डोअरच्या जाळीआडूनच वाटेला लावलं.

एक गोष्ट मात्र नकाशात दिसली नव्हती. त्यांच्या बाल्कनीतून मुख्य फाटक दिसतं, भोजनगृहाचं दार दिसतं आणि समोरच्या इमारतीचे निदान तीन मजले दिसतात. महिन्याभरात कुणाचा मुलगा न्यू जर्सीहून आला आणि आईला हॉटेलात जेवायला घालून चौथ्या दिवशी परत गेला, कोण डायबेटिस असून डब्यातून जिलबी मागवतो, भिशीत कोण कुणाशेजारी बसत नाही, हे काकूंना खाली बसून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट आडोसेकरांना वर बसून कळतं. काकू हल्ली बातमीची खातरजमा त्यांच्याकडूनच करून घेतात.

परवा ते पहिल्यांदा आपणहून ऑफिसात गेले. मॅनेजर खुर्चीतून उठलाच.

‘‘समोरच्या तिसऱ्या मजल्यावर ते नवीन गृहस्थ आलेत,’’ आडोसेकर आवाज खाली आणून म्हणाले. ‘‘आठ दिवस झाले, पडदा सरकवलेला नाही. पाटीसुद्धा नाही दारावर. हे काही बरोबर नाही.’’

‘‘काका, त्यांना जरा एकांत आवडतो, एवढंच.’’

‘‘असेल हो. पण किल्ली आहे ना तुमच्याकडे?’’